खिशातला हात

लोलोंचा उजवा हात पहिली दोन वर्षं मी धड पाहिलाच नव्हता. तो पँटच्या खिशात असे, नाहीतर पाठीमागे, नाहीतर त्यात कायमचा एक घडी घातलेला रुमाल. एडिसनमधल्या आमच्या टाउनहाउसची आणि त्यांची एक भिंत सामायिक. त्यामुळे त्यांचा खोकला, त्यांचा रेडिओ आणि जिन्यावरची काठी मला पाठ होती. हात मात्र माहीत नव्हता. मला वाटलं, झटका वगैरे येऊन गेला असेल. त्यांची मुलगी टेस डायलिसिस सेंटरमध्ये नर्स आहे, साठीला आलेली. तिला एकदा जपून विचारलं, तर ती हसली.

"हात ठणठणीत आहे. फक्त तो कुणाला द्यायचा नाही, एवढंच."

त्यांचं पूर्ण नाव कातालिनो दिमायुगा. देशात हुकूमशाही आली तेव्हा फिलिपिन्समधल्या एका प्रांताचे तरुण खासदार. मग तीन वर्षं तुरुंग. मग अमेरिकेत परागंदा. मग लोक रस्त्यावर उतरले आणि हुकूमशहा पळाला तेव्हा मायदेशी परत. एक विजय, दोन पराभव. आणि बायको गेल्यावर मुलीकडे, म्हणजे आमच्या भिंतीपलीकडे. हे सगळं मी एका दमात उरकलं, कारण तेही तसंच उरकत. 'लोलो' म्हणजे त्यांच्या भाषेत आजोबा. आपल्याकडे जसं ओळख झाल्यावर दुसऱ्या मिनिटाला माणूस काका किंवा मावशी होतो, तसंच त्यांच्याकडे. ते मला 'इहा' म्हणत. इहा म्हणजे पोरी. माझ्या ऑफिसात मी चाळीस माणसांची डायरेक्टर आहे. दारात कचऱ्याचा डबा ओढताना मात्र मी इहा होते, आणि ते मला आवडायचं.

मी नागपुरात वाढले. तिथे मी पुष्कळ माजी माणसं पाहिली आहेत. माजी नगरसेवक, माजी सभापती, माजी मंत्र्यांचे माजी पीए. माणूस माजी होतो, पण त्याच्या दारावरची पाटी आणि आवाजातला खर्ज माजी होत नाही. म्हणून शेजारी एक माजी खासदार राहायला आलेत असं कळलं तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं होतं, "मिलिंद, आता दर रविवारी व्याख्यान." तसं झालं नाही. लोलोंना स्वतःबद्दल बोलायला लावणं हे त्यांच्याकडून हात काढून घेण्याइतकंच अवघड होतं. परागंदा असताना त्यांनी जर्सी सिटीत सात वर्षं एका पार्किंग लॉटच्या खोक्यात बसून पावत्या फाडल्या. त्याबद्दल त्यांचं म्हणणं एवढंच : "माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं ऑफिस. प्रत्येकाला माझ्यासमोर थांबावंच लागायचं, आणि एकही माणूस मेव्हण्याला नोकरी लावा म्हणायचा नाही."

कुठल्याही घरात शिरले की ते दाराकडे तोंड करून बसत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा सोफ्यावर बसवलं, तर उठून जेवणाच्या टेबलाची खुर्ची स्वतः वळवून बसले. "टाळ्या नाही मोजायच्या, दारं मोजायची," असं त्यांचं एक वाक्य होतं. मग समोरच्या भिंतीकडे नजर गेली. तिथे इतरांकडे गणपती असतो. आमच्याकडे राज्यघटनेची उद्देशिका फ्रेम करून लावली आहे. त्यांनी चष्मा बदलून ती शेवटपर्यंत वाचली. मला वाटलं, आता काहीतरी भारदस्त ऐकायला मिळणार.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "आमचीही सुंदर होती. आमच्या तर बऱ्याच झाल्या."

त्यांच्या घराच्या दारामागे खुंटीला एक निळी कापडी पिशवी लटकलेली असायची. तिच्यात पायजमा, बनियन, साबण, टूथब्रश, वाचायचा चष्मा. पकडायला आले तर शोधाशोध नको म्हणून. मायदेशी एकदा भर जेवणातून उठवून नेलं होतं, तेव्हापासूनची सवय. चार घरं बदलली, देश बदलला, पिशवी खुंटीवर. टेसला मी विचारलं, "एडिसनमध्ये कोण येणार पकडायला?" ती म्हणाली, "कुणी नाही. पण टूथपेस्टची तारीख उलटली की मी बदलते."

ते भर जेवणातून उठवून नेण्याचं प्रकरण मला फार उशिरा कळलं, आणि तेही माझ्याच चुकीमुळे. एका रविवारी त्यांच्याकडे दुपारी जेवत होतो. माझा फोन वाजला. ऑफिसची सिस्टिम बंद पडली होती. मी ताटावरून उठले, "सॉरी, मला लॉगइन करावंच लागेल," म्हणून दाराकडे धावले. मागे खडखड ऐकू आली म्हणून वळून पाहिलं. लोलो, टेस, आणि त्यांचं पाहून मिलिंद आणि आमची मुलगी मैत्री, सगळे आपापली ताटं टेबलावर गोल फिरवत होते. भात, मासे, सगळ्यासकट, एक पूर्ण फेरा. मला वाटलं, मी उठले त्याचा काही अपशकुन झाला.

उलटं होतं. त्यांच्याकडे अशी रीत आहे की सगळे जेवत असताना कुणी मध्येच उठून निघालं, तर मागे राहिलेल्यांनी ताटं फिरवायची. म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. माझा प्रवास भिंतीच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंतचा होता, पण लोलोंनी सूट दिली नाही.

त्या दिवशी संध्याकाळी भांडी घासताना टेसने सांगितलं. ती नऊ वर्षांची होती. रविवारचं जेवण चाललं होतं. प्रांताच्या गव्हर्नरने पाठवलेले शिपाई दारात आले. वडील उठले. आईने एकही शब्द न बोलता स्वतःचं ताट फिरवलं, मग टेसने. धाकटा नेस्तर चार वर्षांचा. तो टेबलाखाली शिरून बसला होता, म्हणून त्याचंही ताट आईनेच फिरवलं. शिपायाला वाटलं, हा काही इशारा आहे. त्याने बंदूक रोखून सगळ्यांना हात वर करायला लावले.

"तीन वर्षांनी ताताय परत आले," टेस म्हणाली. ताताय म्हणजे बाबा. "त्यांच्याबरोबर नेलेल्यांपैकी दोघं आले नाहीत. त्यांच्या घरी विचारलं मी मोठी झाल्यावर. कुणी ताटं फिरवली नव्हती."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आमच्या घरात तो तीन पिढ्यांपासून नाही. तरी तेव्हापासून मिलिंद जेवता जेवता उठला की मी इकडेतिकडे पाहून ताट फिरवते.

हाताचा उलगडा झाला तो आमच्या चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात. न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळींनी एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. अध्यक्ष गजभिये काका. त्यांना प्रमुख पाहुणा हवा होता आणि कॉन्सुलेटमधल्या माणसाने आदल्या दिवशी कॅन्सल केलं होतं. "तुझ्या बाजूला कोणीतरी मोठे गृहस्थ राहतात नं?" काकांनी फोन केला. मी लोलोंना विचारलं. त्यांनी फक्त "दारं किती आहेत?" विचारलं आणि हो म्हणाले.

काकांनी परिचय करून दिला : जागतिक कीर्तीचे लोकशाहीयोद्धे, फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष. टाळ्या पडल्या. लोलो माइकजवळ गेले.

"एक दुरुस्ती," ते म्हणाले. "आमच्या देशात राष्ट्राध्यक्षपद चोरीला गेलं असं सांगणारी माणसं पुष्कळ आहेत. मी त्यांतला नाही. माझी फक्त खासदारकी चोरीला गेली."

मग चार मिनिटं बोलले आणि खाली बसले. आपल्याकडे चार मिनिटांत व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावंसुद्धा पुरी होत नाहीत, त्यामुळे लोक बराच वेळ ते पाणी पिऊन पुन्हा उठतील याची वाट पाहत होते.

गोंधळ झाला तो शेवटी, फोटोच्या वेळी. सगळे ओळीने उभे राहिले आणि आपल्याकडे राहतात तसे एकमेकांचे हात धरून वर करायला लागले. काकांनी लोलोंचा उजवा हात खिशातून जवळजवळ उपसून काढला. "सर, हॅन्ड! हॅन्ड अप, सर!"

"नो!"

एवढ्या मोठ्याने की माइक किंचाळला. लोलोंचा चेहरा पांढरा पडला होता. हात पुन्हा खिशात.

"नाही म्हणजे?" काका माझ्याकडे वळले. "अगं, फोटो तं काढू दे यार, ग्रुपवर टाकाचा आहे!"

फोटो निघाला. सोळा हात हवेत आणि मधोमध एक म्हातारा खिशात हात घालून उभा, बस चुकल्यासारखा. मंडळाच्या ग्रुपवर त्याखाली कुणीतरी लिहिलं, 'थोडे ॲरोगंट वाटले.'

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होते. लोलो म्हणाले, "इहा, आमच्याकडे सभेत भाषण कुणी ऐकत नाही. बँड वाजत असतो, लोक खात असतात. शेवटी म्हातारा पुढारी नव्या उमेदवाराचं मनगट धरतो आणि वर करतो. तेवढीच निवडणूक. त्याचा फोटो होतो, फोटोचं पोस्टर होतं. मी तुरुंगातून आलेला माणूस. माझ्या हाताला भाव होता."

सिग्नल लागला. ते समोर पाहत होते.

"एकदाच दिला. मुलगा हुशार होता, निवडून आला. दोन वर्षांत त्याने किनाऱ्यावरची कोळ्यांची वस्ती उठवली, हॉटेलासाठी. त्या लोकांनी मला शिव्या नाही दिल्या. येऊन ते जुनं पोस्टर माझ्या दाराला चिकटवून गेले. बस. वर केलेला हात खाली घेता येत नाही, इहा. आपला खाली येतो, पोस्टरवरचा तसाच राहतो."

तेव्हापासून खिसा. अपवाद एकच. त्यांच्याकडे लहान माणूस मोठ्याचा हात हातात घेऊन त्या हाताची मागची बाजू स्वतःच्या कपाळाला लावतो. आपल्या वाकून नमस्कारासारखंच, फक्त वाकायचं जरा कमी. त्यासाठी मात्र लोलो हात काढत. आमची मैत्री शाळेतून आली की भिंतीपलीकडे जाऊन कपाळ टेकवून येई. आम्हाला नमस्कार कर म्हटलं तर म्हणायची, "आई, दॅट्स सो हायरार्किकल." शेजारी जाऊन तेच करताना तिला काही वाटत नसे.

आता नेस्तरविषयी. टेबलाखाली शिरलेला तो चार वर्षांचा मुलगा आता पंचावन्नचा आहे. लोलो मायदेशी परतले तेव्हा त्यांच्याबरोबर गेला आणि तिथेच राहिला. वकील, मग त्यांच्या गावाचा महापौर. चांगला महापौर, असं टेसही कबूल करते. रस्ते केले, दवाखाना केला. गेल्या वर्षी तो वडिलांच्या जुन्या जागेसाठी खासदारकीला उभा राहिला. पुढे निवडून आला, हे आत्ताच सांगते, म्हणजे ती काळजी नको. काळजीची गोष्ट वेगळी होती. त्याला तिकीट दिलं होतं त्या प्रांताच्या सत्ताधारी घराण्याने. ज्या गव्हर्नरने शिपाई पाठवले होते, त्याचा नातू आता त्या घराण्याचा कर्ता. प्रांतात लोक विचारत होते, दिमायुगाचा मुलगा त्यांच्याकडून? यावर एकच उत्तर चालणार होतं : म्हाताऱ्या दिमायुगाने मुलाचा हात वर केलेला एक फोटो.

नेस्तर वडिलांच्या शहाऐंशीव्या वाढदिवसाला येतो म्हणाला.

आणि नेमका तोपर्यंत लोलोंचा मेंदू पाठ फिरवायला लागला होता. सकाळी ते लख्ख असत. पेपर वाचून मला विचारत, "तुमच्या अमुक राज्यात काय चाललंय, आमचीच नक्कल करताय का?" दुपारी दोननंतर धुकं यायचं. मिलिंदला एकदा त्यांनी तुरुंगाचा डॉक्टर समजून तासभर दाढदुखी सांगितली. एकदा त्यांनी पोस्टमनला वाकून नमस्कार केला आणि खिशातला हात काढून सरळ त्याच्या हातात दिला. त्या दिवशी टेस घाबरली.

वाढदिवसाच्या आधी ती आमच्या डेकवर येऊन बसली. चहा निवला तरी घेतला नाही.

"दोननंतर त्यांना कुणीही सांगितलं की हात वर करा, तर ते करतील," ती म्हणाली. "त्यांना कळणारही नाही. इतकी वर्षं जे जपलं ते एका सेकंदात जाईल, आणि ते गेलं हेही त्यांना आठवणार नाही. फक्त मला."

"नेस्तर असं करेल?"

"नेस्तर नाही करणार. उमेदवार करेल." मग म्हणाली, "तुम्ही सगळे या. परकी माणसं टेबलाशी असली की आमचे लोक सभ्य वागतात."

"आमचेही," मी म्हटलं.

तिने जेवण सकाळी अकराला ठेवलं. नेस्तरचं विमान सात वाजता उतरणार होतं. ते दुसऱ्याच शहरात उतरलं, वादळामुळे. मी पुडाची वडी करून नेली होती. नागपूरची ही कोथिंबिरीची वडी आणि त्यांची सारण भरून तळलेली लुम्पिया म्हणजे सख्ख्या बहिणी, असं लोलोंचं मत. अकरा वाजले. लोलो नक्षीकामाचा पांढरा बारोंग शर्ट घालून, दाराकडे तोंड करून बसले होते, लख्ख. "उमेदवार वेळेवर येत नाहीत," म्हणाले, "मीही कधी गेलो नाही." साडेबारा झाले. टेसने पान्सितच्या शेवया दोनदा गरम केल्या. वाढदिवसाला त्या लांबच्या लांब खायच्या असतात, तोडायच्या नाहीत, म्हणजे आयुष्य लांबतं. आता त्यांचा गोळा व्हायला लागला होता. एक वाजला. टेस घड्याळाकडे पाहायची, मग वडिलांच्या डोळ्यांकडे, एखाद्या मॉनिटरकडे पाहावं तशी. दीड वाजता लोलोंनी मला विचारलं, "इहा, आज कसला सण आहे?" टेसने हातातला चमचा खाली ठेवला.

दोन वाजून वीस मिनिटांनी गाडी थांबली.

नेस्तर देखणा, थकलेला, चुरगळलेल्या सुटात. दारात बूट काढून आत आला. त्याच्यामागे त्याची प्रचारप्रमुख, मिस गिगी. त्यांच्याकडे पन्नाशीच्या बायकांनाही बेबी आणि गिगी म्हणतात, पण हिला पाहून कुणाला हसू आलं नसतं. दोन फोन, आणि काखेत गोल दिव्याचा स्टँड. तिने आधी खिडकी पाहिली, मग भिंत, मग लोलोंना.

नेस्तर वडिलांसमोर गुडघ्यावर बसला. लोलोंनी खिशातून हात काढला. त्याने तो दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला, आणि तसाच राहिला. मला वाटतं, त्या क्षणी तो फक्त मुलगाच होता. गिगीचा फोन वर आला. मग नेस्तर हळूहळू उभा राहिला. त्याने हात सोडला नव्हता. लोलोंचा हात त्याच्या हाताबरोबर वर जायला लागला, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. लोलो त्या हाताकडे असे पाहत होते, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा.

"कुया," टेस म्हणाली. कुया म्हणजे दादा. धाकट्या भावाला दादा म्हणणं म्हणजे त्यांच्याकडे चांगलाच टोला. "आधी जेव."

तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. त्याने सोडलं.

जेवायला बसलो. आठ खुर्च्यांच्या टेबलाशी सात माणसं आणि एक लावलेला दिवा. लोलो डाव्या हाताने जेवत होते. शेवया चमच्यावरून घसरत होत्या. उजवा हात कुठे आहे म्हणून मी वाकून पाहिलं, तर तो त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता, शाळेतलं मूल वही लपवतं तसा.

"ताताय," नेस्तर म्हणाला, "ज्याने तुम्हाला नेलं तो मरून वीस वर्षं झाली. तुम्हाला नेलं तेव्हा त्याचा नातू जन्मलाही नव्हता. आजोबाचा तुरुंग आपण नातवाच्या नावावर किती दिवस चढवायचा? मी दवाखाना बांधला. पुढचा मोठा बांधायचा आहे. त्यांच्याशिवाय होत नाही. तुम्हीच सांगा, होतं?"

हे खोटं नव्हतं. ते सगळ्यात वाईट. मिलिंद ताटात पाहत होता.

"सर," गिगी गोड आवाजात म्हणाली, "फक्त एक. वाढदिवसाचा."

लोलोंनी चमचा ठेवला. नेस्तरकडे वळले. नजर अगदी निवांत, ओळख नसलेली.

"तुम्ही पक्षाकडून आलात का?" त्यांनी विचारलं.

गिगीने नेस्तरकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली : आता. मी ती मान पाहिली. नेस्तरनेही पाहिली. वडील समोर होते आणि नव्हतेही; हात मागायची देर होती.

"हो, सर," नेस्तर म्हणाला.

"बरं झालं. परक्या माणसाला सांगता येतं." लोलो पुढे झुकले. "माझा मुलगा येणार आहे आज. चांगला मुलगा आहे. मला न्यायला आले तेव्हा चार वर्षांचा होता. टेबलाखाली बसून त्याने माझी पँट धरून ठेवली. शिपायाला खाली वाकून त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. एवढीशी बोटं, पण वेळ लागला." ते थांबले. "आज तो माझा हात मागेल. मी देणार नाही. पण त्याच्या तोंडावर नाही म्हणणं मला जमणार नाही. तुम्ही भेटलात तर सांगाल त्याला?"

गिगीचा फोन केव्हा टेबलावर उपडा पडला ते मी पाहिलं नाही.

"सांगतो," नेस्तर म्हणाला.

त्याने खुर्ची सरकवली, म्हणाला, "रात्रीचं विमान आहे," जे कदाचित खरं असेल, आणि उठला. त्याच्या ताटातल्या शेवया तशाच होत्या, न तोडलेल्या. तो वडिलांसमोरून गेला, पण पुन्हा हात मागितला नाही. गिगीने दिवा बंद करून स्टँड मिटला आणि त्याच्यामागे गेली. दारापाशी बाकावर बसून तो बूट चढवू लागला. आमच्याकडे त्याची पाठ होती, आणि डोक्यावर खुंटीची निळी पिशवी.

लोलो गेले त्याला आता दहा महिने झाले. त्यानंतरही मी त्यांना अनेकदा पाहिलं, दवाखान्यातही पाहिलं. पण मला ते दिसतात ते त्या दुपारचे. त्यांनी मांडीखालून उजवा हात काढला. दाबून दाबून त्यावर पँटच्या शिवणीची रेघ उमटली होती. तो टेबलावर आला, ताटाच्या काठाला धरला, आणि त्यांनी ताट फिरवलं. सावकाश, पूर्ण एक फेरा.

मग आमच्याकडे पाहून, सकाळच्या आवाजात म्हणाले, "नेस्तर निघालाय. फिरवा."

टेसने वडिलांकडे पाहिलं, बराच वेळ. ते धुक्यात गेले होते की गेलेच नव्हते, हे तिला तेव्हा कळलं का, मी कधी विचारलं नाही. जुने पुढारी केव्हाही सोंग घेऊ शकतात हे माझं पहिल्यापासूनचं मत, आणि या एका बाबतीत ते तसंच राहू दिलं आहे. टेसने आपलं ताट फिरवलं. मग मिलिंदने, मैत्रीने, मी.

चिनी मातीची पाच ताटं लाकडावर घासली गेली. दारापाशी नाडी बांधणारी बोटं थांबली. नेस्तर वळला नाही. पण तो आवाज पूर्ण संपेपर्यंत उठलाही नाही.